चिप गप्प आहे? आधी तिला तिची ओळख विचारा

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, आणि त्याच सुमारास डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट जमा करायचे दिवस येतात. त्यामुळे कोणी ना कोणी कूलरवरच प्रोजेक्ट घेतो. खोलीतलं तापमान आणि दमटपणा मोजायचा, आणि हवा पुरेशी ओली झाली की पंप आपोआप बंद करायचा. कल्पना मला मनापासून आवडते, कारण उन्हाळ्यात इथे टाकीतल्या पाण्याच्या प्रत्येक बादलीला किंमत असते. मायक्रोकंट्रोलर म्हणून ईएसपी३२, सेन्सर म्हणून बीएमई२८० आणि दोघांमध्ये एसपीआयच्या, म्हणजे चिपांनी एकमेकींशी बोलायच्या एका पद्धतीच्या, तारा. जोडणी होते, प्रोग्राम चढतो, आणि स्क्रीनवर नुसते २५५ येत राहतात.

असाच एक विद्यार्थी प्रतापनगरला माझ्याकडे आला. "दादा, चिप गेली वाटते जी. दोन दिवसांपासून नुसतं २५५ येऊन राह्यलं. तीन लायब्रऱ्या बदलून पाह्यल्या." चिप गेली नव्हती. तिच्यापर्यंत त्याचा प्रश्नच पोचत नव्हता. तीन लायब्रऱ्या, म्हणजे सेन्सर वाचायचे तयार कोड, बदलण्यात गेलेले दोन दिवस मल्टिमीटरच्या दहा मिनिटांत वाचले असते, याचं मला फार वाईट वाटलं. त्याच्यासारखे पहिल्यांदा एसपीआयला हात घालणारे जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीवरून काहीच कळत नाही.

लेखात डी०, ६०, एफएफ असे आकडे येतील, ते हेक्स, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतले आहेत. हेक्समधलं एफएफ म्हणजेच आपलं २५५.

चार तारा, दोन गोष्टी

एसपीआय १९८० च्या दशकात मोटोरोलाने आणलं. तारा चार. पहिली क्लॉक, म्हणजे प्रत्येक बिटाला ठेका देणारी तार; ती कंट्रोलर, म्हणजे आपला ईएसपी३२, चालवतो. मोसी ही कंट्रोलरकडून चिपकडे जाणारी तार, मिसो ही चिपकडून कंट्रोलरकडे येणारी. चौथी चिप सिलेक्ट, म्हणजे सीएस: ही तार खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर ओढली की चिपला कळतं, "आता माझ्याशी बोलणं चाललंय."

बाकी वाचन नंतर करा, पण दोन गोष्टी आत्ताच लक्षात ठेवा. पहिली, एसपीआयमध्ये पोच नसते. आयटूसीमध्ये, म्हणजे चिपांशी बोलायच्या दुसऱ्या एका पद्धतीत, चिप जागेवर नसेल तर कंट्रोलरला ते लगेच समजतं. इथे चिप काढून खिशात ठेवली तरी कंट्रोलर निवांत आठ क्लॉक देतो, मिसोवर जे दिसेल ते उचलतो आणि तुम्हाला देतो. म्हणून एरर आली नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. दुसरी, देणं आणि घेणं एकाच वेळी चालतं. तुम्ही एक बाइट पाठवता त्याच आठ क्लॉकमध्ये एक बाइट परत येतो. पण चिपने तुमचा प्रश्न अजून पुरता ऐकलेलाच नसतो, त्यामुळे तो पहिला बाइट निरर्थक असतो. उत्तर पुढच्या बाइटला येतं, आणि ते घ्यायला तुम्हाला एक रिकामा बाइट पाठवावा लागतो. पहिल्याच बाइटला उत्तर समजून बसणारे खूप जण भेटतात.

पायरी १: वीज, आणि तीही चिपच्या पायाशी

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. काळी प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब सेन्सरच्या मॉड्यूलवरच्या व्हीसीसीच्या पिनला. ब्रेडबोर्डच्या पट्टीला लावून समाधान मानू नका. लांब ब्रेडबोर्डवर कडेची लाल-निळी पट्टी पुष्कळदा मध्येच तुटलेली असते: अर्ध्या भागात ३.३ व्होल्ट, पुढच्या अर्ध्यात काहीच नाही.

बीएमई२८० ला जास्तीत जास्त ३.६ व्होल्ट चालतात. बाजारात मिळणाऱ्या सहा पिनांच्या साध्या मॉड्यूलवर बहुधा व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर नसतो, म्हणून त्याला ५ व्होल्ट देऊ नका. ईएसपी३२ स्वतः ३.३ व्होल्टचा आहे, त्यामुळे तिथे जोडी जुळते. अर्डुइनो उनो वापरत असाल तर त्याच्या सिग्नलच्या तारासुद्धा ५ व्होल्टच्या असतात. मध्ये ५ चे ३.३ व्होल्ट करणारा लेव्हल शिफ्टर हवाच. "माझ्या मित्राचं तसंच चाललं" असं कोणी म्हणेल. काही दिवस चालतंही. पण ज्या चिपवर आपण उद्या भरवसा टाकणार, तिला आज असं वागवू नये.

ग्राउंड दोन्हीकडे एकच आहे ना, हेही इथेच पाहून घ्या. सेन्सर एका ॲडॅप्टरवर, ईएसपी३२ लॅपटॉपवर आणि दोघांचे ग्राउंड जोडलेलेच नाहीत, असं झालं तर पुढचं सगळं व्यर्थ.

पायरी २: सोल्डर

त्या विद्यार्थ्याचं गाडं इथेच अडलं होतं. बर्डीच्या बाजारातून मॉड्यूल आणलं की सोबत पिनांची पट्टी वेगळी मिळते. ती सोल्डर करायची असते. त्याने पट्टी ब्रेडबोर्डमध्ये खोचली आणि मॉड्यूल वरून नुसतं बसवलं होतं. पिना भोकांच्या कडेला टेकतात, बोटाने दाबलं की काम करतात, बोट उचललं की नाही. कधी वीज मिळते पण क्लॉक मिळत नाही, कधी क्लॉक मिळतो पण सीएस नाही. अशा जोडणीवर कुठलाही प्रोग्राम चाचणीला लावणं म्हणजे वाळूवर भिंत बांधणं.

सोल्डरिंग येत नसेल तर शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे. आधी पिन आणि तांब्याचं गोल दोन्ही तापवायचं, मग सोल्डरची तार लावायची. चांगला टाका चमकदार आणि डोंगरासारखा उतरता दिसतो. गोळ्यासारखा फुगलेला दिसला तर तो आतून चिकटलेला नसण्याची शक्यता मोठी. भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून सगळे टाके पाहा, शेजारच्या दोन पिना सोल्डरने जोडल्या गेल्या नाहीत ना तेही पाहा.

मग मल्टिमीटर बीपवर, वीज बंद करून. एक टोक ईएसपी३२ च्या पिनवर, दुसरं टोक सेन्सरच्या पिनवर, मधली तार जशी आहे तशी. प्रत्येक तारेला बीप यायलाच हवा, आणि तार थोडी हलवली तरी तुटायला नको. स्वस्तातल्या जंपर वायरी आतून तुटलेल्या निघतात, बाहेरून मात्र नव्याकोऱ्या दिसतात. अशी तार सापडली की तिथल्या तिथे कापून टाका. परत डब्यात टाकली तर ती पुढच्या प्रोजेक्टमध्ये पुन्हा तुमच्याच वाट्याला येईल.

पायरी ३: पाट्या वाचताना

मॉड्यूलवरच्या पाट्यांनी नवख्यांचा जितका गोंधळ होतो तितका क्वचितच कशाने होत असेल. बीएमई२८० च्या मॉड्यूलवर एससीएल आणि एसडीए लिहिलेलं असतं, कारण तीच चिप आयटूसीवरही चालते. एसपीआयसाठी अर्थ असा घ्यायचा: एससीएल म्हणजे क्लॉक, एसडीए म्हणजे मोसी, एसडीओ म्हणजे मिसो, सीएसबी म्हणजे चिप सिलेक्ट. चारच पिनांचं मॉड्यूल मिळालं असेल तर ते फक्त आयटूसीचं आहे. त्यावर एसपीआयचा हट्ट धरू नका. आरएफआयडीच्या आरसी५२२ बोर्डवर तर एसडीए ही पाटी चिप सिलेक्टच्या पिनवर असते. म्हणजे एकच पाटी, दोन बोर्डांवर दोन वेगळी कामं.

आणखी एक सवय सोडावी लागते. सिरियल पोर्टला टीएक्स (पाठवणारी पिन) समोरच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) जातो, तारा उलटसुलट होतात. एसपीआयमध्ये तसं करायचं नाही. मोसी मोसीला, मिसो मिसोला. चिपच्या बाजूला डीआय, एसआय, एसडीआय असं काही असेल तर ते मोसीला जातं. डीओ, एसओ, एसडीओ असेल तर मिसोला.

ईएसपी३२ वर नेहमीच्या पिना अशा: क्लॉक १८, मिसो १९, मोसी २३, सीएस ५. पहिल्या वेळी याच वापरा. पिन ६ ते ११ ला हात लावू नका, त्या बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीच्या कामात असतात. ३४ ते ३९ फक्त आत घेतात, बाहेर काही देत नाहीत, त्यामुळे सीएस ३४ वर लावलात तर तो कधीच खाली जाणार नाही.

पायरी ४: स्वतःशीच बोलून पाहा

सेन्सरच्या तारा काढा. ईएसपी३२ ची पिन २३ आणि १९ एका तारेने एकमेकींना जोडा. आता ५५, एए, ए५ असे बाइट पाठवा. जे पाठवलं तेच परत आलं पाहिजे. मग तार काढा. आता तेच परत यायला नको. ही दुसरी अर्धी चाचणी लोक गाळतात, आणि चुकून दुसऱ्याच पिना जोडल्या असतील तर त्यांना ते कळत नाही.

यातून एवढंच कळतं की कंट्रोलरची बाजू, पिना आणि प्रोग्राम जागेवर आहेत. क्लॉकचा मोड (तो काय ते पायरी ६ मध्ये) बरोबर आहे की नाही हे यातून कळत नाही, कारण दोन्ही टोकं एकाचीच असतात आणि त्याचं स्वतःशी जमतंच.

पायरी ५: ओळख विचारा

आता सेन्सर परत लावा. लायब्ररी बाजूला ठेवा. दहा ओळींचा प्रोग्राम पुरतो: वेग १०० किलोहर्ट्झ, मोठा बिट आधी, मोड ०. सुरुवातीलाच सीएसची पिन आउटपुट करून वर ठेवायची. मग सीएस खाली, डी० पाठवा, ०० पाठवा आणि त्या दुसऱ्या वेळी जे परत येईल ते छापा, सीएस वर. दोन्ही बाइट होईपर्यंत सीएस मध्ये वर जाता कामा नये. वर गेला की चिप समजते बोलणं संपलं, आणि पुढचा बाइट तिच्यासाठी नवा प्रश्न ठरतो.

रजिस्टर म्हणजे चिपच्या आतला आकडा ठेवायचा कप्पा. डी० हा बीएमई२८० मधल्या ओळख-रजिस्टरचा पत्ता आहे. तिथे ६० लिहिलेलं असतं. कारखान्यातून तसंच येतं, कधी बदलत नाही. म्हणूनच हा प्रश्न इतका मोलाचा: उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. तापमान ३१ आलं तर ते खरं की खोटं हे सांगता येत नाही. ६० आलं तर आलं.

आणि ५८ आलं तर? तर संवाद उत्तम चाललाय, पण तुमच्या हातात बीएमई२८० नसून बीएमपी२८० आहे. तो तापमान आणि हवेचा दाब मोजतो, दमटपणा मोजतच नाही. दिसायला दोन्ही मॉड्यूल जवळजवळ सारखी, नावात एका अक्षराचा फरक. मलाही एकदा एका दुकानातून बीएमई म्हणून बीएमपी मिळाला होता आणि संध्याकाळभर मी दमटपणाचा आकडा शोधत बसलो. कूलरच्या प्रोजेक्टला दमटपणाच हवा असतो, तेव्हा दुकानातून आणल्याबरोबर हा एक बाइट विचारून घ्या, बदलून घेण्याची मुदत असेपर्यंत.

दुसरी चिप असेल तर तिच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीने दिलेल्या माहितीपत्रकात, असाच प्रश्न शोधा. डब्ल्यू२५क्यू६४ फ्लॅशला ९एफ पाठवलं की पाठोपाठ ईएफ, ४०, १७ येतं. आरसी५२२ ला ईई पाठवलं की ९१ किंवा ९२ येतं. तिथे आवृत्तीचं रजिस्टर ३७ आहे, पण ते एक घर डावीकडे सरकवून वर वाचनाचा बिट लावावा लागतो, म्हणून ईई. पत्ता असा कसा बांधायचा हे प्रत्येक चिपचं वेगळं असतं आणि डेटाशीटमधलं तेवढं एक पान सावकाश वाचावंच लागतं. काही चिपना ओळख नसते. थर्मोकपलच्या मॅक्स३१८५५ ला तर मोसीच नाही, ती फक्त सांगते, ऐकत नाही.

पायरी ६: चुकीचं उत्तरही वाचता येतं

सतत एफएफ किंवा सतत ०० येत असेल तर १० किलोओहमचा एक रेझिस्टर घ्या. एक टोक मिसोवर, दुसरं ३.३ व्होल्टला, आणि वाचा. मग दुसरं टोक ग्राउंडला लावा, पुन्हा वाचा. पहिल्यांदा एफएफ आणि नंतर ०० आलं, तर मिसोची तार कोणीच धरलेली नाही, ती रेझिस्टर ओढेल तिकडे जाते. म्हणजे चिपला वीज नाही, किंवा सीएस तिच्यापर्यंत पोचत नाही, किंवा मिसोची तारच तुटली आहे. बीएमई२८० मध्ये सीएस पोचला नाही की चिप आयटूसीतच राहते, आणि आयटूसीत एसडीओ ही पिन बोलतच नाही. रेझिस्टर कुठेही लावला तरी ०० च येत असेल तर मिसो ग्राउंडला चिकटली आहे, किंवा चिप खरोखर शून्य पाठवते आहे. पहिला संशय सोल्डरवर घ्या.

उत्तर येतं पण सरकलेलं, ही दुसरी जात. ६० म्हणजे बिटांमध्ये ०११०००००. त्याऐवजी सी० किंवा ३० दिसलं तर तोच आकडा एक घर डावी-उजवीकडे सरकलाय. इथे दोष बहुधा मोडचा. मोड चार आहेत, ० ते ३. क्लॉक रिकाम्या वेळी वर असतो की खाली, आणि बिट क्लॉकच्या पहिल्या कडेला (वर-खाली होण्याच्या क्षणाला) वाचायचा की दुसऱ्या, यावरून ते ठरतात. बीएमई२८० ला ० आणि ३ दोन्ही चालतात. १ किंवा २ लावलात तर भलतंच येतं. चारही मोड आलटून पालटून पाहण्यापेक्षा डेटाशीटमधली टायमिंगची आकृती पाहा. ते एकदा जमलं की जन्मभर पुरतं.

कधी ६०, कधी ६१, कधी ई०, असं नाचत असेल तर तारा, ग्राउंड किंवा वीज. त्याकडे मी शेवटी येतो, कारण कूलरच्या प्रोजेक्टमध्ये खरी लढाई तिथेच आहे.

पायरी ७: लिहून पाहा, मग वाचा

ओळख मिळाली म्हणजे वाचन जमलं. लिहिणं जमतं का? बीएमई२८० मध्ये लिहिताना पत्त्याचा सर्वांत वरचा बिट शून्य करायचा असतो. म्हणून एफ४ या रजिस्टरमध्ये लिहायला ७४ पाठवायचं. आधी ७२ वर ०१ लिहा, हे दमटपणाच्या मोजणीसाठी. मग ७४ वर २७ लिहा. हाच क्रम ठेवा, कारण दमटपणाची सूचना चिप तेव्हाच मानते जेव्हा तिच्यामागून एफ४ मध्ये काही लिहिलं जातं. आता एफ४ वाचा. २७ परत आलं पाहिजे.

हे केलं नाही तर एक फसवं लक्षण दिसतं. वीज मिळाल्यावर ही चिप झोपलेली असते. ओळख विचारली तर बरोबर ६० सांगते, पण तापमानाच्या जागी ८०, ००, ०० हे तीन बाइट देत राहते. हा संवादाचा दोष नाही. तिला मोजायला सांगितलेलंच नाही.

लॉजिक ॲनालायझर

वरच्या पायऱ्यांनी नाही सुटलं तर आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा यूएसबी लॉजिक ॲनालायझर आणा; तारांवर कधी काय गेलं ते तो लॅपटॉपवर दाखवतो. स्वस्तातला चालतो; पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्यासोबत काम करतं. चार तारांना चार चॅनेल आणि ग्राउंडला ग्राउंड. नमुने क्लॉकच्या किमान चौपट वेगाने घ्या. मग फक्त एवढं पाहा: सीएस खाली जातो का, त्याच्या आत बरोबर सोळा क्लॉक आहेत का, मोसीवर डी० दिसतं का, मिसोवर हालचाल आहे का. बिघाड वाटून घेतला जातो: मोसीवर डी० नसेल तर दोष तुमच्याकडे, डी० असून मिसो सपाट असेल तर चिपकडे. वर्गात दोन-तीन जणांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

टेबलावर चाललं, खिडकीत नाही

त्या विद्यार्थ्याचे टाके पक्के झाले, ६० आलं, तो आनंदात घरी गेला. तीन दिवसांनी पुन्हा आला. टेबलावर सगळं व्यवस्थित, पण सेन्सर खिडकीतल्या कूलरजवळ नेला की आकडे नाचतात, आणि पंप सुरू झाला की ईएसपी३२ स्वतःच रीसेट होतो.

त्याने दोन मीटरच्या तारा टाकल्या होत्या. एसपीआय एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी बनलेलं आहे. दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत जंपर वायरी निभावतात. लांब तारेत क्लॉकची कड टोकापर्यंत जाऊन परत उसळते, आणि चिपला एका ठिकाणी दोन क्लॉक दिसतात. मग पुढचे सगळे बिट सरकतात. "वेग कमी करतो" हा उपाय इथे अर्धाच लागू पडतो. वेग कमी केला तरी कड तेवढीच तीक्ष्ण राहते. क्लॉकच्या तारेत ईएसपी३२ च्या बाजूला ३३ किंवा ४७ ओहमचा रेझिस्टर लावल्याने कड थोडी बोथट होते, आणि सेन्सरच्या वीज-ग्राउंडमध्ये अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवल्याने वीज सावरते. दोन्ही करा. पण खरा उपाय साधा आहे: ईएसपी३२ लाच सेन्सरजवळ न्या आणि लांबच्या तारा फक्त विजेच्या ठेवा. त्याच्याकडे तर वायफाय आहे, माहिती पाठवायला तारच नको.

पंपाच्या रीसेटचं कारण वेगळं. रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच, आणि ईएसपी३२ एकाच छोट्या ॲडॅप्टरवर होते. रिले ओढला की व्होल्टेज क्षणभर खचतं, आणि पंप बंद होताना त्याच्या वेटोळ्यातून उसळलेली वीज तारांमध्ये शिरते. रिलेच्या कॉइलला वेगळी वीज, कॉइलवर उलटा डायोड, पंपावर स्नबर (ती उसळी शोषणारा भाग), आणि सेन्सरच्या तारा पंपाच्या वायरींपासून दूर, एवढ्याने तो त्रास गेला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कूलर म्हणजे पत्र्याचं अंग, आत पाणी आणि २३० व्होल्ट. सेन्सर लावताना, तार सरळ करताना, "फक्त बघतो" म्हणतानासुद्धा प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि पंपाची जोडणी एकट्याने करू नका.

सगळं जागेवर बसलं की शेवटची चाचणी. प्रोग्रामला डी० वरची ओळख एक हजार वेळा विचारायला लावा आणि ६० सोडून दुसरं काही किती वेळा आलं ते मोजा. एकदा पंप बंद ठेवून, एकदा पंप दर दहा सेकंदांनी चालू-बंद करत. मग वेग १०० किलोहर्ट्झवरून १ मेगाहर्ट्झवर नेऊन पुन्हा. चिप १० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते, पण सेकंदाला एकदा तापमान वाचायला त्याची काहीच गरज नाही. हजारात एक जरी उत्तर चुकलं तरी पायरी २ पासून पुन्हा सुरू करा; एकही चुकलं नाही तर लायब्ररी परत लावा आणि कूलर सुरू करा.